अडकित्त्यानं अर्धी केलेली गोळी

अडकित्ता सुपारीसाठी असतो. एवढी साधी गोष्ट मला साठी उलटल्यावरही कळली नव्हती, म्हणून हे लिहायला बसले आहे. मी अडकित्त्यानं औषधाची गोळी कातरली. तीही साधीसुधी नाही, चाचणीची. अजून बाजारात न आलेली. आणि मुळात माझी नव्हेच, माझ्या मैत्रिणीची. अर्धी तिला, अर्धी मला. कातरताना एक कण उडून लुगड्यावर पडला, तर तोही बोटानं टिपून जिभेवर ठेवला. वाया कशाला घालवायचा?

हा पराक्रम करणारी शालन, म्हणजे थोड्या वर्षांपूर्वीची मीच, आज मला रस्त्यात भेटली तर आधी तिला चहा पाजीन आणि मग तिचा कान पिळीन. बाईला वाटायचं, आपण फार हुशार. आपल्याला जे कळतं ते डॉक्टरांना कळत नाही आणि आपण जे लपवतो ते देवालाही दिसत नाही. तिची फजिती वाचून कुणाचा तरी जीव वाचावा, एवढ्यासाठीच तिची बेअब्रू करते आहे.

रिकामी वाटी

आधी हौसा कोण ते सांगते. लग्न होऊन मी लातूरकडून आले तेव्हा ह्यांना पिंपरीत कंपनीत काम होतं आणि पिंपळे गुरवला आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. घरमालक जुन्या गावातले शेतकरी. हौसा त्यांची सून, माझ्याच वयाची. तिच्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात वाटीभर घुगऱ्या पाठवल्या. मी त्या खाल्ल्या, वाटी राखेनं घासली, आरशासारखी लख्ख केली आणि शाबासकीच्या आशेनं परत नेऊन दिली. रिकामी.

सासूबाई वाटीकडे बघत राहिल्या. "का गं पोरी, आमच्या घरातलं समदं सरावं असं वाटतं व्हय तुला?"

मी वाटी घेऊनच रडत खोलीत आले. मागोमाग हौसा आली. पदराखाली मूठभर साखर होती, ती तिनं वाटीत ओतली. "जा, परत दे. अन् आत्ताच आल्यागत तोंड कर."

त्यांच्याच घरातली साखर त्यांच्याच वाटीत घालून मी त्यांना दिली आणि सासूबाई प्रसन्न झाल्या. आमच्या मैत्रीची सुरुवातच अशी लबाडीनं झाली. पुढे आम्ही सांगवीला घर घेतलं, हे गेले, तिचे मालक गेले, शेतं जाऊन इमारती आल्या. तरी झाकणाची एक छोटी स्टीलची डबी आमच्यात जात-येत राहिली. ती कधी भरल्याशिवाय गेली नाही.

माजलेला वॉचमन

मग दोघींनाही आमवातानं धरलं. मैत्रीण असावी तर अशी, दुखणंसुद्धा एकटीला खाऊ देत नाही! सकाळी उठलं की बोटं अशी आखडलेली, जणू कुणी घट्ट सुतळीनं बांधून ठेवलीत. हौसाची माझ्याहून वाईट. तिला भाकरी थापता येईना, आणि भाकरी न थापणारी हौसा म्हणजे काय ते मी सांगू शकत नाही. तिला स्वतःलाच स्वतःची ओळख पटेना.

माझी सून मधुरा महाळुंग्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून जे काढे, चूर्णं, ताकदीच्या पावडरी विकतात, त्यांचा माणसाच्या रक्तातल्या पेशींवर खरंच काय परिणाम होतो, हे ती तपासते. मी तिला चिडवायची, "काय गं, आज कुणाच्या रक्ताला काढा पाजलास?" आणि तिच्या नकळत गुळवेल उकळून प्यायची.

तिनं एकदा पातेलं पकडलं. "आई, हे तुम्ही कुणाची शक्ती वाढवताय ठाऊक आहे का? प्रतिकारशक्ती म्हणजे कंपनीच्या गेटवरचा वॉचमन. तुमचा वॉचमन माजलाय. चोर सोडून आपल्याच कामगारांना बडवतोय. आणि तुम्ही त्याला वरून खुराक देताय."

"मग कामावरून काढून टाक त्याला."

"काढला तर गेट उघडं पडेल. त्याला जरा खाली बसवायचं असतं. किती बसवायचं, तेच तर तपासतात."

त्या शालननं पातेलं मोरीत ओतलं. बोलणं मात्र कानाआड केलं.

आधारकार्डावरचं वय

आम्ही जायचो त्या दवाखान्यात वॉचमनला खाली बसवणाऱ्या एका नव्या गोळीची चाचणी सुरू झाली. डॉक्टरबाईंनी सगळं नीट समजावलं. काहींच्या बाटलीत खरं औषध, काहींच्या बाटलीत तशीच दिसणारी पोकळ गोळी. कुणाला काय मिळालं ते पेशंटलाही कळणार नाही, त्यांनाही नाही. काढे, चूर्णं, पावडरी सगळं बंद. गोळी रोज घ्यायची, न चुकता. आम्ही दोघींनी हो म्हटलं. रक्त दिलं, छातीचा फोटो काढला.

हौसाला घेतलं. मला डॉक्टरबाईंनी आत बोलावलं.

"आजी, तुमच्या रक्तात टीबीची खूण दिसतेय. आजार नाहीये, जंतू झोपलेले आहेत. पण हे औषध घेतलं तर ते उठतील. तुम्हाला चाचणीत घेता येणार नाही. आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवू, जंतू मारायच्या गोळ्या घेऊ. उद्या घरच्या कुणाला तरी घेऊन या."

मला सगळं ऐकू आलं. सगळं समजलंही. माझ्या लहानपणी माहेरी चुलतीला टीबी झाला होता. तिला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं होतं. मी उंबऱ्याबाहेरून तिचं ताट आत सरकवायची. ती गेल्यावर ते ताट वडिलांनी गावाबाहेर पुरलं. चुलतीचा चेहरा मला आठवत नाही, ताट आठवतं.

तर ही शूर शालन काय म्हणाली? झोपलेत ना? मग झोपू द्या. आपण कशाला उठवा!

बाहेर हौसा बाकावर बसली होती. "काय म्हन्ल्या गं बाई?"

"वय जास्त भरलं म्हणे माझं."

"तुजं अन् माजं एकच वय हाय की!"

"आधारकार्डावर दोन वर्षं जास्त लागलंय."

हौसानं तिथल्या तिथे आधार काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घरीही मी तेच सांगितलं. मधुरानं दोनदा विचारलं, "रिपोर्ट काय आले?" मी म्हटलं, "छान आले." डॉक्टरबाईंकडे मात्र परत गेलेच नाही.

आणि मग ती कल्पना. ती माझीच, हौसाची नाही. हे इथे स्वच्छ लिहून ठेवते. मी म्हटलं, "हौसे, आजवर आपण काय एकटीनं खाल्लंय?"

"डाक्तरीनबाई रोज एक म्हन्ल्यात."

"एकच खायची. अर्धी तू, अर्धी मी."

तिच्या सासूबाईंचा जुना अडकित्ता निघाला. हौसाच्या बोटांत तो दाबायचा जोर नव्हता, म्हणून दर आठवड्याला मी सांगवीहून जायची, गोळ्या कातरायची, माझ्या अर्ध्या डबीत घालून आणायची. पुढच्या खेपेला डबीत गूळ, नाहीतर शेंगदाण्याची चटणी. रिकामी न्यायची नाही ना! दवाखान्यात विचारलं, की हौसा म्हणे, "व्हय, रोज खाते."

दोनेक महिन्यांत बोटं सैल झाली. मी ओवीच्या, म्हणजे माझ्या नातीच्या, झबल्याची बटणं लावू लागले. हौसानं पहिली भाकरी थापली, वाकडी, नकाशासारखी, आणि ती भाकरी आम्ही दोघींनी हसत हसत खाल्ली. आपली बाटली खऱ्या औषधाची निघाली म्हणून तोंडं गोड केली. पोकळ गोळी मिळालेल्या बिचाऱ्यांची आम्हाला कीव आली!

सैल ब्लाउज

पुढे दुपार कलली की अंग कोमट व्हायला लागलं. खोकला आला. जेवण जाईना. ब्लाउज सैल झाले, तर ती बया खूश. आरशासमोर उभी राहून म्हणते, बघा, अजून कंबर आहे! एका सकाळी जिना चढताना मधेच बसावं लागलं आणि उठताच येईना. मुलानं, किरणनं, शिफ्ट सोडून मला हॉस्पिटलात नेलं.

फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं. पाठीतून सुईनं काढलं. ज्यांना काढायचंय त्यांच्यासाठी सांगते, भीती वाटते तेवढं दुखत नाही. नर्स समोर उशी देते, तिच्यावर वाकायचं आणि कुणाला तरी मनातल्या मनात शिव्या द्यायच्या. मी दिल्या. कुणाला ते सांगत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही गोळ्या, काढा, चूर्ण?"

"छे हो! सून घेऊ देते का?"

मधुरानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि खुर्ची ओढून बसले. डॉक्टर उभ्यानं बोलले तर समजावं, बरं आहे. बसले की काही खरं नाही. म्हणाले, "टीबी आहे. बऱ्यापैकी पसरलाय. पण पूर्ण बरा होतो, घाबरू नका."

माझे कान बंद झाले. म्हणजे ऐकू येत होतं, पण विहिरीतून आल्यासारखं. झोपलेले उठले. एवढं एकच वाक्य डोक्यात. किरण खालच्या आवाजात म्हणाला, "आईला? टीबी?" शेजारच्या कॉटवरच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं आवाज उतरवला, आणि मला गोठ्याशेजारची खोली दिसली.

मधुरानं फोन उचलला, दाराबाहेर गेली, आणि मला तिचा पहिला शब्द ऐकू आला: "ओवी."

ओवी रोज दुपारी माझ्या कुशीत झोपायची. माझ्या तोंडाला तोंड लावून.

माणूस घाबरला की रडतो म्हणतात. मला रडू आलं नाही. मी चादरीची कडा धरून बसले आणि एक धागा उसवत राहिले. नर्सनं हात धरला तेव्हा कळलं, वीतभर उसवली होती.

डॉक्टर परत आले. "इतक्या झपाट्यानं पसरायला काहीतरी कारण हवं. अंगातली शक्ती कशानं तरी दबलीय. आम्हाला ते कळलं नाही तर नुसत्या टीबीच्या गोळ्या पुऱ्या पडणार नाहीत."

मधुरा माझ्या कानाशी वाकली. "आई, कुणी पावडर दिली का? आमच्याकडे तपासायला येतात त्यांत कधीकधी भलतंच मिसळलेलं असतं. मी रागावणार नाही."

सांगितलं असतं तर हौसा चाचणीतून जाणार. बाटली जाणार. तिची भाकरी जाणार. मी मान हलवली. नाही. आपण मैत्रिणीसाठी फार मोठा त्याग करतोय, अशी त्या शालनची समजूत होती. खरं तर तिला आपली लबाडी झाकायची होती. त्याग हे तिला घातलेलं झाकण.

डबी

संध्याकाळी हौसाचा मुलगा डबी देऊन गेला. "आईनं वड्या पाठवल्यात मावशीला."

नारळाच्या वड्या. मधुरानं एक उचलून मला भरवली. खाली कागदाची घडी होती. तिनं ती उलगडली.

आत गोळ्या होत्या. अख्ख्या.

"आई, हे काय आहे?"

मी त्या गोळ्यांकडे बघत राहिले. अख्ख्या. अडकित्ता दाबायचा तिच्या बोटांत जोर नव्हता, आणि कातरायला मी नव्हते. म्हणजे माझ्याकडे अख्खी आली, तर तिच्याकडे काय राहिलं? हौसानं गोळी बंद केली होती. मी आजारी, म्हणून सगळी मलाच. तिला वाटत होतं, ही तिच्या शालनला बरं करणारी गोष्ट आहे. आणि ती मला काय पाठवत होती, हे या जगात फक्त मला ठाऊक होतं.

तेव्हा मात्र मी रडले. आणि सगळं सांगितलं: अडकित्ता, डबी, झोपलेले जंतू, आधारकार्ड. एका दमात, खोकत खोकत. किरण उठून बाहेर गेला. मधुरा ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं गोळ्या परत कागदात बांधल्या.

"तुम्ही दोघींनी अर्धी खाल्ली आणि तिथे अख्खी सांगितली. उद्या हे औषध लोकांना द्यायचं, ते कुठल्या भरवशावर द्यायचं? कुणी तरी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून ही गोळी खाणार आहे, आई."

एवढंच म्हणाली आणि डॉक्टरांकडे गेली. टीबीपेक्षा ते वाक्य जास्त लागलं. अजून लागतं.

चाचणीच्या डॉक्टरबाई आल्या. अशा अडचणीच्या वेळी कोणती बाटली कसली ते उघड करता येतं, ते त्यांनी केलं. औषध खरं होतं. ज्यानं माझी बोटं सोडवली, त्यानंच माझ्या छातीतली कडी काढली. वॉचमन खाली बसला आणि कोठडीत वर्षानुवर्षं गुमान पडलेला चोर बाहेर आला. यात औषधाची चूक नव्हती. त्यांनी मला दारातच अडवलं होतं, मी मागच्या भिंतीवरून उडी मारली.

हौसाला चाचणीतून काढलं. तिची छाती तपासली, स्वच्छ निघाली. ओवीही ठीक होती, पण खबरदारी म्हणून तिला काही महिने औषध द्यावं लागलं. दोन वर्षांचं पोर, गोळी चुरून पाण्यात घातली की तोंड वाकडं करायचं. ते तोंड मी दाराच्या काचेतून बघायची.

हौसाला माझं आधारकार्डाचं खोटं डॉक्टरबाईंकडून कळलं. ती हॉस्पिटलात आली नाही. फोन नाही. डबी माझ्याकडेच राहिली.

काचेपलीकडे

टीबीच्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. हे आधी कुणी सांगितलं नाही तर माणूस मरायलाच टेकतो. मला नर्सनं सांगितलं होतं. मी किरणला सांगितलं नाही, आणि तो धावत डॉक्टरांना घेऊन आला. त्या महिन्यात तेवढंच एकदा घरातले सगळे हसले. किरण माझ्याशी परत बोलायला लागला तो त्या दिवसापासून.

घरी सुरुवातीला वेगळी खोली, तोंडाला मास्क, खिडक्या उघड्या. मी मधुराला म्हटलं, "माझं ताट वेगळं ठेव."

ती म्हणाली, "ताटानं पसरत नाही, आई. खोकल्यानं पसरतो. मास्क नीट लावा."

आणि तिनं माझं ताट सगळ्यांच्या ताटांबरोबर घासायला टाकलं. मी भिंतीकडे तोंड करून बसले बराच वेळ. त्या चुलतीला असं कुणी म्हणालं असतं तर!

ज्यांना हा आजार झालाय त्यांना माझं सांगणं एवढंच: गोळ्यांनी मळमळतं, उन्हात फिरल्यासारखी चिडचिड होते, बरं वाटू लागलं की थांबवाव्याशा वाटतात. थांबवू नका. आणि डॉक्टर जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्या. लाज वाटली तर डोळे मिटून द्या, पण द्या. ज्यांना आमवात आहे त्यांना: चाचणीत जायला घाबरू नका, पण चाचणीत वाटावाटी नसते. हळदीकुंकू वेगळं, हे वेगळं.

अख्ख्या सुपाऱ्या

गोळ्यांचा शेवटचा महिना सरला, डॉक्टरांनी "झालं, आजी" म्हटलं, आणि मी डबी खाली काढली. किती तरी महिने ती फळीवरून माझ्याकडे बघत होती. काय घालावं सुचेना. गूळ? वड्या? शेवटी चार सुपाऱ्या घातल्या. अख्ख्या.

पिंपळे गुरवला गेले. हौसा गॅलरीत खुर्चीवर बसली होती. हात मांडीवर, बोटं बाहेरच्या बाजूला कललेली. दवाखान्यातून तिला दुसरी, नेहमीची औषधं चालू होती. दुखणं आवाक्यात होतं, पण काही बोटं वाकली ती वाकलीच. त्या मधल्या महिन्यांची वाकलेली. मी ज्यांत वाटेकरी झाले त्या महिन्यांची.

तिनं वर बघितलं. "कोन म्हनायचं?"

"मी, शालन."

"आदार कारडावरची का खरी?"

मी डबी पुढे केली. ती घेऊन झाकण उघडायला लागली. निघेना. माझे हात पुढे गेले, तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी ते मागे घेतले. बऱ्याच वेळानं झाकण निघालं. तिनं सुपाऱ्या बघितल्या, एक उचलली.

"कातरल्या न्हाईत?"

"अडकित्त्याला आता हात लावायची नाही मी."

तिनं ती सुपारी परत डबीत टाकली. मी म्हटलं, "हौसे, मी खोटं बोलले. घाबरले होते गं. तू अख्ख्या गोळ्या मला पाठवल्यास, आणि तुझी बोटं..."

"दवाखान्यात पडलेली तू व्हतीस. मी न्हवते."

आतून तिच्या सुनेनं चहा आणला. हौसानं एकच कप खाली ठेवायला लावला, बशी मागितली, वाकड्या बोटांनी कप तिरका करून अर्धा चहा बशीत ओतला, थोडा सांडला, आणि बशी माझ्याकडे सरकवली. मग पदरानं सांडलेलं पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"गोळी वाटून खाल्लीस. भ्या तेवढं एकटीच खात बसलीस. हावरट कुठली!"